नको-नको करत ग्रँड कॅन्यनपर्यंत

ऑर्लिन नेस्ताडला खरं तर एकच प्रश्न विचारायचा होता. तोही समोरच्या घरातल्या बाईला, आणि मध्ये रस्ता फक्त एक. तो ओलांडायचा, दार वाजवायचं आणि विचारून मोकळं व्हायचं, एवढंच काम. त्याऐवजी हा गृहस्थ विमानाने लास व्हेगसला गेला, तिथून राजेशाही गाडी घेऊन युटाच्या वाळवंटात शिरला आणि लाल दऱ्याखोऱ्यांतून चार दिवस हिंडला. मुद्द्यावर यायला वळसे घेण्याची आमच्या सोलबर्ग गावाला सवयच आहे, पण इतका लांबचा वळसा मिनेसोटात अजून कुणी घेतल्याचं ऐकिवात नाही.

प्रश्न लग्नाचा होता. ऑर्लिन विधुर, सत्तरीला टेकलेला. आयडेला विधवा, त्याच्याहून थोडी लहान. तिच्या अंगणातला बर्फ तो काढायचा आणि ती त्याला काचेच्या भांड्यातून नूडल्स-मटारची भाजलेली हॉटडिश पाठवायची. भांडं परत जाताना त्यात त्याच्या झाडाची सफरचंदं असायची. हे असंच दोघांपैकी एकाच्या अंत्यविधीपर्यंत सुखाने चाललं असतं. पण त्या उन्हाळ्यात तिच्या मुलाचा, कर्टिसचा, फिनिक्सहून फोन आला. आईने आता थंडीत एकटं राहू नये, त्याच्या घरामागचं छोटं घर रिकामंच आहे, असं त्याचं म्हणणं. आयडेला म्हणाली, ऑक्टोबरात येऊन बघते. आमच्याकडे बाई 'बघते' म्हणाली की सामान बांधायला घेतलं असं समजतात. येत्या हिवाळ्यात समोरच्या स्वयंपाकघरात दिवा दिसणार नाही, हे ऑर्लिनच्या लक्षात आलं आणि त्याला जेवण जाईना.

मग गावातच का नाही विचारलं? त्याला कारण आमची पद्धत. सोलबर्गमध्ये कुठलीही गोष्ट तीनदा विचारावी लागते. केकचा तुकडा पुढे केला की पाहुणा म्हणतो, "नको, नको." दुसऱ्यांदा केला की, "उगीच तुम्हाला त्रास." तिसऱ्यांदा केला की, "आता तुम्ही ऐकतच नाही, तर अर्धा द्या." पहिल्या फटक्यात हो म्हणणारा हावरट, आणि एकदाच विचारून गप्प बसणारा यजमान चिक्कू. आता केकचं तीन वेळा विचारणं दोन मिनिटांत उरकतं, लग्नाचं कसं उरकणार? पहिल्या आणि तिसऱ्या विचारण्याच्या मध्ये ही बातमी लॅव्होनपर्यंत गेलीच असती. लॅव्होन म्हणजे चर्चच्या तळघरात रविवारची कॉफी वाटणारी बाई. कॉफी पातळ, बातम्या मात्र दाट.

म्हणून ऑर्लिनने ठरवलं, बाहेरगावी विचारायचं. आयडेलाला नाहीतरी फिनिक्सला जायचं होतं. वाटेत राष्ट्रीय उद्यानं बघू, शेवटी ग्रँड कॅन्यनला कर्टिस येऊन तिला घेऊन जाईल. तिला हे सुचवायलाही तीन दिवस लागले. पहिल्या दिवशी ती म्हणाली, दुसऱ्या कुणाला तरी न्या. दुसऱ्या दिवशी म्हणाली, कुंड्यांना पाणी कोण घालणार. तिसऱ्या दिवशी म्हणाली, बरं, तुमच्या गाडीत जागा रिकामीच जात असेल तर येते.

राहण्याची सोय साध्याच ठिकाणी करायची, असा ऑर्लिनचा विचार होता. पण उद्यानातल्या साध्या खोल्या लोकांनी वर्षभर आधीच धरून ठेवलेल्या. शेजारचा व्हर्जिल, लग्नाचा बेत गावात फक्त त्यालाच सांगितला होता, म्हणाला, "माझ्या पुतण्याची बायको सहली काढते, तिला सांगतो." लॅव्होन म्हणाली, "दोन वेगळ्या खोल्या घ्या बरं का. मला काही नाही, पण लोक बोलतात." लोक म्हणजे तीच. दोन वेगळ्या जागा शिल्लक होत्या त्या फक्त एका महागड्या तंबूंच्या मुक्कामात. तंबू म्हणायचं, पण आत पितळी नळांचं न्हाणीघर आणि गालिचे. अशा रीतीने केवळ शालीनता राखण्यासाठी ऑर्लिनला ऐषारामात उतरावं लागलं. सहलीच्या माहितीपत्रकावर 'वाळवंटातील स्वर्गसुख' असं छापलं होतं. ते त्याने गॅरेजमध्ये रंगाच्या डब्यांमागे दडवलं आणि आयडेलाला सांगितलं, कुणीतरी रद्द केलं म्हणून स्वस्तात पडलं.

लास व्हेगसला गाडी घेताना त्याच्या स्वाभिमानाला पहिला तडा गेला. ऑर्लिनने जन्मभर हायस्कुलात ड्रायव्हिंग शिकवलेलं. सोलबर्गच्या पंचक्रोशीत जो कुणी वळताना दिवा दाखवतो, तो ऑर्लिनच्या ओरड्यामुळे. त्याने मध्यम आकाराची गाडी सांगितली होती. ती संपली होती, म्हणून त्याच भाड्यात काउंटरवरच्या माणसाने एक काळं धूड त्याच्या हवाली केलं. चर्चच्या स्वयंपाकघराएवढं. रस्त्याला लागल्यावर पाचेक मैलांतच आयडेला ताठ बसली.

"ऑर्लिन, ही सीट माझी पाठ चेपतेय."

"अरे देवा. बंद करू?"

"करा." थोडं थांबून ती म्हणाली, "म्हणजे तुम्हाला करायचंच असेल तर. नाहीतर राहू दे."

सीटचं त्याला काही वाटलं नाही. पण ही गाडी त्याला गाडी चालवायला शिकवू लागली. चाक पांढऱ्या पट्टीला जरा शिवलं की स्टिअरिंग थरथरे. तासाभराने समोर कॉफीच्या कपाचं चित्र उमटलं आणि खाली अक्षरं आली, थोडी विश्रांती घेणार का?

"मला विचारते!" ऑर्लिन म्हणाला. "अख्ख्या गावाला शिकवलंय मी!"

कप पुन्हा उमटला. मग आणखी एकदा.

"गाडी आपल्याकडची दिसते," आयडेला खिडकीबाहेर बघत म्हणाली. "तीनदा विचारते."

त्यापुढे मात्र तीनदा विचारणारं कुणी भेटलं नाही. झायन उद्यानाच्या फाटकावर रेंजरबाईंनी हसून विचारलं, "बासष्टच्या पुढे आहात ना? ज्येष्ठांचा पास काढून देऊ? पुढे सगळीकडे चालेल." ऑर्लिन म्हणाला, "छे छे, राहू द्या." बाई म्हणाल्या, "ठीक आहे," आणि पूर्ण आकार लावला. दुसऱ्यांदा विचारतील म्हणून तो खिडकीतून हात बाहेर काढून थांबून राहिला. मागच्या गाडीने हॉर्न दिला.

"परत विचारलंच नाही त्यांनी," आयडेला म्हणाली.

"घाईत असतील," ऑर्लिन म्हणाला.

झायनमध्ये नदीकाठच्या एका दगडावर त्याने प्रश्नाला हात घातला. दोन्ही बाजूंना आभाळापर्यंत लाल कडे, खाली झुळझुळ पाणी, आसपास कुणी नाही. त्याने घसा साफ केला. "आयडेला, माणसाने एका वयानंतर…" इतकं झालं आणि एक गलेलठ्ठ खार तिच्या पिशवीत शिरली. तिला हाकलेपर्यंत दुसरी शिरली. दोन्ही सँडविचं गेली, ऑर्लिनच्या बोटाला ओरखडा आला, आणि एका वयानंतर माणसाने काय करावं ते तसंच राहिलं.

तंबूंच्या मुक्कामाला पोचले तेव्हा दोघांनाही कडकडून भूक लागली होती. तिथली व्यवस्थापक टॅम्सिन कॅलिफोर्नियाची, चाळिशीची, लख्ख हसणारी बाई. ती म्हणाली, "स्वागत! जेवण लगेच लावू का? आज ट्राउट मासा आहे, आणि भाजलेले पीच."

"छे छे," ऑर्लिन म्हणाला, "दुपारचंच भरपूर झालंय."

दुपारचं खारींनी खाल्लं होतं. आता टॅम्सिन म्हणेल, "थोडंसं तरी," मग आपण म्हणू, "उगीच तुम्हाला त्रास," असा हिशोब मनात मांडून तो उभा राहिला. टॅम्सिन म्हणाली, "छान! मग आराम करा," आणि गेली. तंबूबाहेर शेकोटी पेटवून देऊ का, असं एका माणसाने विचारलं. आयडेलाने नको म्हटलं, आणि तोही गेला. मग दोघं आपापल्या तंबूंच्या मधल्या ओट्यावर अंगाला कोट लपेटून बसले, विमानात मिळालेली खारी बिस्किटं काढली आणि समोरच्या मंडपात टेक्सासचं एक कुटुंब मासा खात होतं ते बघत राहिले. भीड भिकेची बहीण म्हणतात. इथे ती पितळी नळांच्या तंबूत राहायला आली होती.

सकाळी नाश्त्याचंही तेच झालं. कड्याच्या टोकावर टेबल मांडून देऊ का, असं विचारलं गेलं. दोघं एका सुरात म्हणाले, "कशाला एवढं!" आणि टेबल टेक्सासवाल्यांना मिळालं. शेवटी टॅम्सिनच त्यांच्या ओट्यावर येऊन बसली. तिचा चेहरा उतरला होता.

"आमचं काही चुकतंय का? तुम्ही काहीच घेत नाही. जागा आवडली नाही का?"

"वाईट नाहीये," आयडेला मनापासून म्हणाली.

आता सोलबर्गमध्ये 'वाईट नाही' याच्या वर कौतुक नाही. नातवंडं झाल्यावरही आम्ही एवढंच म्हणतो. पण टॅम्सिनच्या डोळ्यांत पाणी यायचंच बाकी राहिलं. तेव्हा नाइलाजाने ऑर्लिनने तिला तीनदा विचारण्याची सगळी भानगड समजावून सांगितली. ती ऐकत राहिली आणि मग म्हणाली, "पण मिस्टर नेस्ताड, माणूस नको म्हणाला की ते खरं मानायचं, असं आम्ही समजतो. पुन्हा पुन्हा विचारणं म्हणजे त्याच्या शब्दाला किंमत न देणं. मी तुमचा मान ठेवत होते."

"अर्थातच," ऑर्लिन म्हणाला. "मग तो नाश्ता…"

"स्वयंपाकघर आत्ताच बंद झालं हो."

एक मफिन उरला होता तेवढा मिळाला. दोघांनी त्याचे अर्धे केले, मग अर्ध्याचे अर्धे, आणि शेवटचा तुकडा बशीत तसाच राहिला, कारण शेवटचा तुकडा आमच्याकडे कुणी उचलत नाही. त्या तुकड्याकडे बघता बघता आयडेलाला हसू फुटलं. ती डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसली. मर्विन गेल्यापासून तिला असं हसताना ऑर्लिनने पाहिलं नव्हतं. मर्विन म्हणजे तिचा नवरा. ऑर्लिनला वाटलं, हीच वेळ.

"आयडेला," तो म्हणाला, "आपली दोन घरं, दोन अंगणं. बर्फ दोन्हीकडचा मीच काढतो. एकच अंगण असतं तर…"

"तर?"

"कंबरेला बरं पडलं असतं." मग धीर करून म्हणाला, "म्हणजे मी लग्नाचं म्हणतोय."

आयडेलाचं हसू थांबलं.  "छे हो, ऑर्लिन," ती म्हणाली. "तुम्हाला कशाला उगीच व्याप."

दुसऱ्यांदा विचारायला ऑर्लिनने तोंड उघडलं, आणि टॅम्सिनचं वाक्य त्याच्या घशात आडवं आलं. त्याच्या शब्दाला किंमत न देणं. त्याने तोंड मिटलं.

"बरं," तो म्हणाला.

"बरं?" आयडेला म्हणाली.

"बरं."

ती उठून तिच्या तंबूत गेली. दिवसभर डोकं दुखत असल्याचं सांगून ती बाहेरच आली नाही.

दुसऱ्या दिवशी ते मॉन्युमेंट व्हॅलीच्या वाटेला लागले. हिचं नको कुठलं समजायचं, हे ऑर्लिनला कळत नव्हतं. सोलबर्गचं असेल, तर ती दुसऱ्या विचारण्याची वाट बघत असणार, आणि आपण गप्प बसून तिचा अपमान करतोय. इकडच्यासारखं असेल, तर पुन्हा विचारून आपण तिच्या मागे लागल्यासारखं होईल, आणि तिला या बंद गाडीतून उतरायलाही जागा नाही. आपण एकमेकांशी इतके सभ्य वागतो की शेजारी राहूनही दुसऱ्याला काय हवं आहे ते कधी कळत नाही, असं त्याच्या मनात आलं. त्याची बायको बर्निस शेवटच्या आजारात विचारलं की म्हणायची, मला काही नको. तेव्हा तो दुसऱ्यांदा, तिसऱ्यांदा विचारायचा, आणि मग कळायचं की तिला उशी उंच हवी आहे. एकदाच विचारून थांबलो असतो तर, असं मनात येऊन त्याला कसंतरीच झालं.

पेट्रोल भरायला थांबले तेव्हा व्हर्जिलचा फोन आला. "विचारलंस?"

"विचारलं. नको म्हणाली."

"कितीदा विचारलंस?"

"एकदा."

"एकदा?" व्हर्जिल ओरडला. "अरे, मी तुझी शिडी मागताना तीनदा विचारतो! लॅव्होन, अगं ऐकलंस का, एकदाच विचारलं म्हणे!"

म्हणजे लॅव्होन शेजारीच होती. एवढं वाळवंट ओलांडून काय मिळवलं, असं ऑर्लिनला झालं.

पंपापलीकडे नवाहो या तिथल्या मूळ जमातीची एक बाई पत्र्याच्या शेडखाली तळलेली भाकरी विकत होती. तिने विचारलं, "मध घालून देऊ?" ऑर्लिन म्हणाला, "हो." हा शब्द इतक्या झटकन बाहेर पडला की त्याचे कान तापले. कुणी त्याला हावरट म्हटलं नाही. बाईने भाकरीवर मध घातला आणि पुढच्या माणसाला तेच विचारलं. दोन भाकऱ्या घेऊन तो गाडीकडे आला. आयडेलाने आपली पूर्ण खाल्ली, अर्धी केली नाही.

शेवटच्या दिवशी ते पूर्वेकडच्या फाटकाने ग्रँड कॅन्यनला पोचले. कर्टिस तिकडच्या मुख्य वस्तीत त्यांची वाट बघणार होता. वस्ती अजून अर्ध्या तासावर होती. ऑर्लिनने वाटेतल्या एका सज्ज्यापाशी गाडी थांबवली. समोर दरी पसरली होती. आम्ही सपाट मुलखातली माणसं, जमीन एवढी खोल जाऊ शकते हे आम्हाला पटत नाही. दोघं कठड्याला धरून उभे राहिले. एका जपानी जोडप्याने फोटो काढून द्यायला सांगितलं. ऑर्लिनने काढला. मग त्यांनी विचारलं, "तुमचा दोघांचा काढू?"

"हो, काढा," ऑर्लिन म्हणाला.

आयडेलाने त्याच्याकडे चमकून पाहिलं. फोटो झाला, जोडपं गेलं. ऑर्लिन अजून दरीकडेच बघत होता.

"मला एक विचारायचंय," तो म्हणाला. "हे असं विचारायचं नसतं, ते मला माहितेय. परवा तुम्ही नको म्हणालात. ते आपल्याकडचं नको होतं, की इकडचं?"

आमच्या गावात असा प्रश्न आजवर कुणी कुणाला विचारलेला नाही. आयडेलाने पर्सची चेन उघडली, लावली, परत उघडली.

"आपल्याकडचं," ती अगदी हळू म्हणाली. "दोन दिवस वाट बघत होते मी. मला वाटलं, तुमचंच मन बदललं."

"मग मी परत विचारतो. माझ्याशी लग्न कराल?"

"नको," आयडेला म्हणाली, आणि या वेळी तिचा आवाज वेगळा होता. "थांबा, हे उपचारापुरतं नाही. मर्विन इतकी वर्षं अंथरुणाला होता. त्याचं सगळं मी केलं, त्याचं काही नाही. पण तो गेला त्या दिवशी मी ठरवलं, आता पुन्हा कुणाला पोचवायचं नाही. फिनिक्सला निदान मी सगळ्यांत म्हातारी असेन. मीच आधी जाईन."

वारा सुटला होता. ऑर्लिनने टोपी काढून हातात धरली. त्याला एकदम रडू यायला लागलं, आणि ते त्याने येऊ दिलं.

"मी मरणार नाही, असं काही मला सांगता येणार नाही," तो म्हणाला.

"ते मला माहितेय."

"पण आधी तुम्ही गेलात, तर पोचवायचं माझ्याकडे येईल. ते मी करीन. बर्निसचं केलंय मी. मला येतं ते." तो थांबला. "आणि मधल्या वेळात संध्याकाळी समोरच्या दिव्याकडे बघत जेवण्यापेक्षा, त्या दिव्याखाली बसून जेवलो असतो. एवढंच."

 "गार वाजतंय," म्हणून आयडेला गाडीकडे वळली. ऑर्लिन मागोमाग आला, त्याने गाडी सुरू केली आणि दरीकडे बघत स्टिअरिंगवर हात ठेवून बसला. आता पुढे वस्ती होती आणि तिथे कर्टिस होता.

तेवढ्यात फोन वाजला. आयडेलाचा फोन गाडीने कधीतरी परस्पर स्वतःला जोडून घेतला होता. त्यामुळे कर्टिसचा आवाज चारही बाजूंनी घुमला.

"आई, मी पोचलोय. कुठे आहेस? घर रंगवून तयार आहे, थेट राहायलाच ये."

"नको, कर्टिस," आयडेला म्हणाली.

कर्टिस सोलबर्गमध्येच वाढलेला. तो हसला. "अगं, काही त्रास नाही. मुलं वाट बघतायत. ये."

"नको रे. नाताळला येईन, आठवडाभर राहीन."

 मग कर्टिसचा आवाज बदलला. "आई, खरंच विचारतोय. येतेस ना?"

आयडेलाने ऑर्लिनकडे पाहिलं. त्याचं नाक लाल झालं होतं आणि टोपी उलटी बसली होती.

"नको," ती म्हणाली.

चौथ्यांदा विचारायची आमच्याकडे पद्धत नाही. कर्टिस म्हणाला, "बरं आई. मग निदान दुपारचं जेवण तरी एकत्र करू. ऑर्लिनकाकांनाही आण," आणि त्याने फोन ठेवला.

 आयडेलाने फोन पर्समध्ये टाकला, चेन नीट लावली आणि पर्स मांडीवर ठेवली.

"तुझं अजून एकदा राहिलंय, ऑर्लिन," ती म्हणाली. "आणि या वेळी दरीकडे बघून नको विचारूस. माझ्याकडे बघ."

ऑर्लिनने गाडी बंद केली, तिच्याकडे वळला आणि विचारलं.